कोटितीर्थाचा चित्रकार : आबालाल रहिमान

आपल्या समाजात हुनराला कधीच तोटा नव्हता. हिमरूचे नाजूक वेलबुट्टीचे कापड विणणारे हात आपलेच, बिदरीच्या काळ्या धातूत चांदीची तार बसविणारे हात आपलेच, आणि खुलताबादच्या वाटेवरील कागजीपुऱ्यात शतकानुशतके हातकागद बनविणारे कागदीही आपलेच. परंतु एखाद्या विद्यार्थ्याला चित्रकाराचे नाव विचारले तर तो राजा रविवर्म्याचे नाव सांगेल, फार तर मकबूल फिदा हुसेन यांचे सांगेल. ज्याने महाराष्ट्राच्या मातीचे, पाण्याचे व घाटांचे चित्र जलरंगांत उतरविले, ज्याला कोल्हापूरच्या कलापरंपरेचा मूळ पुरुष मानतात, त्या आबालाल रहिमान यांचे नाव मात्र आपल्या मुलांच्या कानावर सहसा पडत नाही. ही उणीव थोडीफार भरून निघावी, या हेतूने त्यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

घराणे आणि बालपण

आबालाल यांचे मूळ नाव अब्दुल अझीझ. रहिमान हे घराण्याचे नाव. घरात व गावात लाडाने रूढ झालेले आबालाल हेच नाव पुढे जन्मभर राहिले. त्यांचा जन्म कोल्हापुरात झाला. जन्माचे साल काही ठिकाणी १८५६ तर काही ठिकाणी १८६० असे दिलेले आढळते. म्हणजे १८५७ च्या बंडाच्या आगेमागे, जुना काळ मावळत असताना आणि इंग्रजी अंमल पक्का होत असताना ते जन्मास आले.

त्यांचे घराणे कुरआन शरीफच्या हस्तलिखित प्रती तयार करणारे होते. आजच्या विद्यार्थ्यांना ह्या कामाची कल्पना येणे कठीण आहे, म्हणून दोन शब्द लिहितो. छापखाने गावोगावी पोचण्यापूर्वी ग्रंथ हाताने लिहिले जात. लिहिणाऱ्यास कातिब म्हणत, आणि ज्याचे अक्षर विशेष देखणे त्यास खुशनवीस. कागद आधी गुळगुळीत दगडाने घोटून तुकतुकीत करायचा, ओळी सरळ याव्यात म्हणून मिस्तर नावाच्या दोरे ताणलेल्या पट्ट्यावर दाबून त्यावर रेघा उठवायच्या, बोरूची कलम नेमक्या तिरक्या कोनात तासायची, रोशनाई घरी घोटायची, आणि मग एकेक हर्फ असा उतरवायचा की जेर-जबर व नुक्त्याचीही चूक होता कामा नये. चूक म्हणजे केवळ बिघाड नव्हे, तर गुन्हा, ही भावना त्या कामामागे असे. मजकूर पुरा झाला की समासात वेलबुट्टी, आयतींच्या शेवटी फुले, पहिल्या पानावर सोनेरी व निळ्या रंगाची नक्षी काढीत.

अशा घरात वाढणाऱ्या मुलाला रंग व रेषा शिकविण्यासाठी वेगळा मास्तर लागत नाही. हाताला स्थैर्य, डोळ्याला बारकावा आणि मनाला सबर ह्या तीन गोष्टी आबालाल यांना घरातूनच मिळाल्या. पुढे त्यांच्या चित्रांत पाण्यावरची एकेक लहर आणि झाडाचे एकेक पान ज्या निगुतीने रंगविलेले दिसते, त्याचे मूळ ह्या कातिबाच्या घरात आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

ह्या मुलाच्या हातातील गुण कोल्हापुरात असलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या मंडळींच्या नजरेस आला आणि त्यांच्या शिफारशीमुळे त्याला मुंबईस पाठवावे असे ठरले, अशी आठवण सांगितली जाते. वडिलोपार्जित कामात पोट भरत असताना मुलाला परगावी, परक्या विद्येसाठी पाठविणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. कोल्हापूरला रेल्वे आली ती १८९१ साली. त्यापूर्वी मुंबई गाठायची म्हणजे कित्येक दिवस गाडीवाटेने प्रवास करावा लागे. तरीही त्या घराने मुलाला जाऊ दिले. पालक बंधू-भगिनींनी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मुंबईचे शिक्षण

मुंबईतील सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा, जिला आपण सारे जे. जे. म्हणून ओळखतो, ती १८५७ साली सुरू झाली. त्यासाठी जमशेटजींनी १ लाख रुपयांची देणगी दिली होती. एका पारशी दानशूर गृहस्थाने दिलेल्या त्या रकमेतून उभ्या राहिलेल्या शाळेत कोल्हापूरच्या मुसलमान कातिबाचा मुलगा शिकला, हे विद्यादानाचे केवढे फळ!

त्या काळी शाळेचे प्रमुख जॉन ग्रिफिथ्स हे होते. हे नाव आपल्या जिल्ह्याला परके नाही. ह्याच ग्रिफिथ्स साहेबांनी १८७२ ते १८८५ या काळात जे. जे.च्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती तयार करून घेतल्या. त्यांपैकी पुष्कळ चित्रे १८८५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथे लागलेल्या आगीत जळून गेली. त्यापूर्वी मेजर रॉबर्ट गिल यांनी अजिंठ्यास वर्षानुवर्षे मुक्काम करून काढलेल्या प्रतिकृतीही बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या होत्या. त्याही आधी, १७९० नंतरच्या काळात, पुण्याच्या गंगाराम तांबट यांनी वेरूळच्या लेण्यांची चित्रे इंग्रज वकील मॅलेट याच्यासाठी काढली होती. आपल्या परिसरातील वास्तू पाहून चित्रे काढण्याची परंपरा अशी जुनी आहे, आणि आबालाल ज्या शाळेत शिकले त्या शाळेचा तिच्याशी जवळचा संबंध होता.

जे. जे.मधील शिक्षण इंग्रजी पद्धतीचे होते. आधी प्लॅस्टरचे पुतळे समोर ठेवून पेन्सिलीने रेखाटन करायचे, छाया-प्रकाश साधायचा, मग प्रत्यक्ष माणूस समोर बसवून त्याचे अंगप्रत्यंग अभ्यासायचे, दूरची वस्तू लहान व जवळची मोठी का दिसते याचे गणित शिकायचे. आपल्याकडील जुन्या चित्रांत सावली नसे. घराच्या चार भिंती एकाच पातळीवर दाखवीत. ही नवी विद्या आबालाल यांनी इतक्या परिश्रमाने आत्मसात केली की १८८८ साली त्यांना व्हाइसरॉयचे पदक मिळाले. विद्यार्थिदशेत त्यांनी केलेली रेखाटने शाळेने जपून ठेवली. नंतरच्या पिढ्यांतील विद्यार्थी ती पाहून शिकले.

विद्यार्थी मित्रांनो, येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. वेलबुट्टीचा वारसा असलेल्या मुलाने आपल्याला सगळे येते असे मानले नाही. पुतळ्याच्या कानाची पाळी व हाताची बोटे तो शंभर वेळा काढीत बसला. गुण घरातून मिळाला तरी तालीम बाहेरून घ्यावीच लागते.

कोल्हापूरला परत

पदक मिळविलेल्या चित्रकाराला मुंबईत कामाची वाण नव्हती. शेटसावकारांना आपली तैलचित्रे हवी असत, संस्थानिकांच्या दिवाणखान्यांना मोठमोठी चित्रे लागत, आणि राजा रविवर्मा यांच्या यशाने चित्रकारास मानही मिळू लागला होता. परंतु आबालाल कोल्हापूरला परतले आणि तेथेच आयुष्यभर राहिले. मोठ्या शहरात नाव मिळविण्याची संधी सोडून त्यांनी आपल्याच गावाचे तळे, घाट, देवळे व माळ यांची संगत धरली.

कोल्हापूर हे पाण्याचे गाव. पश्चिमेला रंकाळा, पूर्वेला कोटितीर्थ, उत्तरेला पंचगंगा. रंकाळ्यात संध्यामठ नावाची दगडी वास्तू आहे. पावसाळ्यात ती पाण्यात बुडते आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की पुन्हा उघडी पडते. पंचगंगेच्या घाटावर छोटी-मोठी देवळे व दीपमाळा उभ्या आहेत. आबालाल यांनी ही सारी ठिकाणे पुन्हा पुन्हा रंगविली. पहाटेचे, भर दुपारचे, संध्याकाळचे, पावसाआधीचे आणि पावसानंतरचे रूप त्यांनी टिपले. एकच जागा, पण दर वेळी उजेड वेगळा. ते जागेचे चित्र काढीत नसत, त्या घटकेला तेथे पडलेल्या उजेडाचे चित्र काढीत.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ह्या चित्रांत देवळे आहेत, मठ आहेत, घाट आहेत. मुसलमान चित्रकाराने ती जिव्हाळ्याने रंगविली, आणि हिंदू कोल्हापूरकरांनी त्यांना आपला चित्रकार मानले. गावातील वास्तू हा साऱ्या गावाचा ठेवा असतो, हे आबालाल यांनी व्याख्यान न देता कागदावर दाखविले.

शाहू महाराजांचा आश्रय

१८९४ साली शाहू छत्रपतींच्या हाती राज्यकारभार आला. गुणाची पारख आणि उपेक्षितांची कणव ह्या दोन्ही गोष्टी ह्या राजाच्या ठायी होत्या. १९०२ साली त्यांनी आपल्या संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. १९०६ साली कोल्हापुरात मुसलमान विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी संस्था व वसतिगृह निघाले, तेव्हा त्यांनी त्याचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचा हुकूम काढला. आपल्यासारख्या शिक्षणसंस्थांच्या कार्याची मुळे शोधू गेल्यास ती अशा माणसांपर्यंत जातात.

ह्याच महाराजांनी आबालाल यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. गायनात उस्ताद अल्लादिया खाँसाहेब आणि चित्रकलेत आबालाल, अशी दोन रत्ने त्यांच्या पदरी होती. महाराजांना शिकारीचा मोठा शौक. आबालाल यांनी शिकारीचे प्रसंग रंगविले, व्यक्तिचित्रेही केली. पण त्यांचे मन रमे ते निसर्गात. महाराजांनी त्यांना दरबारी शिस्तीत जखडून ठेवले नाही, हे त्यांचे मोठेपण. आश्रय म्हणजे पगार देऊन माणूस विकत घेणे नव्हे. ज्याला जे उत्तम येते ते त्याला करू देणे, हा खरा आश्रय होय.

आबालाल यांचे राहणे अत्यंत साधे. कोटितीर्थाच्या परिसरात ते राहत. पैसा, मानमरातब, प्रदर्शने यांची त्यांना ओढ नव्हती. फकिरी वृत्तीचा माणूस म्हणून गाव त्यांना ओळखत असे. विलायती रंग महाग, आणि दर वेळी मिळतीलच असेही नाही. म्हणून पाला, माती, दगड यांपासून ते स्वतः रंग तयार करीत आणि हाती येईल त्या कागदावर चित्र काढीत, असे सांगितले जाते. कातिबाच्या घरी रोशनाई घोटलेल्या हातांना रंग घोटणे अवघड जाण्याचे कारण नव्हते.

जलरंगांची किमया

ज्यांना चित्रकलेची फारशी माहिती नाही अशा वाचकांसाठी जलरंग म्हणजे काय ते सांगणे अवश्य आहे. तैलरंगात चूक झाली तर वरून दुसरा थर देता येतो. जलरंगात ती सोय नाही. रंग पाण्यात कालवून पातळ करतात, त्यातून कागदाचा पांढरेपणा दिसत राहतो आणि तोच चित्रातील उजेड असतो. म्हणजे आभाळातील लख्ख ढग काढायचा तर तेथे रंग लावायचाच नाही, जागा कोरी सोडायची. एकदा रंग लागला की तो कोरेपणा परत येत नाही. त्यामुळे काय काढायचे याबरोबरच काय काढायचे नाही, हे आधी ठरवावे लागते. कागद ओला असताना रंग सोडला तर तो पसरतो व धुके, ढग, दूरचे डोंगर साधतात. कागद वाळल्यावर लावला तर कडा स्पष्ट उमटते, आणि दगडी भिंत, फांदी, पायऱ्या उठून दिसतात. कोल्हापूरच्या दमट पावसाळ्यात कागद लवकर वाळत नाही आणि उन्हाळ्यात क्षणात वाळतो. हवेशी असे जुळवून घेत चित्रकाराला भराभर काम उरकावे लागते, कारण सूर्य त्याच्यासाठी थांबत नाही.

आबालाल यांनी पारदर्शक जलरंग हाताळले, तसेच पांढरा मिसळून केलेले दाट अपारदर्शक रंगही वापरले. त्यांच्या पुष्कळ चित्रांत छोटे छोटे ठिपके व तुटक फटकारे एकमेकांशेजारी ठेवलेले दिसतात. जवळून पाहिले तर नुसते ठिपके. चार पावले मागे सरकले की त्यांचे पाणी होते, पालवी होते, संध्याकाळ होते. युरोपात त्याच सुमारास फ्रान्समधील चित्रकार उजेड पकडण्यासाठी अशाच वाटेने चालले होते, आणि १८८६ साली जॉर्ज सरा याने ठिपक्यांनी रंगविलेले भले मोठे चित्र पॅरिसमध्ये मांडले होते. आबालाल कोटितीर्थाच्या काठी बसून आपल्या डोळ्यांनी पाहत आणि आपल्या हाताने प्रयोग करीत तशाच ठिकाणी पोचले, याचे जाणकारांना नवल वाटते. सत्य एकच असेल तर दोन दूरचे प्रवासीही एकाच मुक्कामी पोचतात, याचे हे उदाहरण आहे.

कोटितीर्थाचे पाणी

६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे मुंबईत निधन झाले. अल्लादिया खाँसाहेब त्यानंतर कोल्हापूर सोडून मुंबईला गेले. आबालाल यांना तर हा घाव सोसला नाही. आपले काम ज्याला कळत होते तोच गेला, आता ही चित्रे कोणासाठी, असे त्यांना वाटले असावे. त्यांनी आपल्या चित्रांचे गठ्ठेच्या गठ्ठे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिले, अशी हकिगत कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ज्या पाण्याचे चित्र आयुष्यभर काढले, त्याच पाण्याला ती अर्पण झाली. त्यांनी जन्मभरात हजारो चित्रे काढली असे म्हणतात. त्या मानाने आज फार थोडी उरली आहेत.

ही हकिगत ऐकताना डोळे पाणावतात हे खरे. परंतु तिच्याकडे केवळ करुण कथा म्हणून पाहू नये. एका माणसाच्या आधारावर उभी असलेली कला त्या माणसाबरोबर कशी निराधार होते, हे ह्या घटनेत दिसते. राजा थोर होता, पण राजा मर्त्य होता. त्या वेळी कोल्हापुरात आबालाल यांची चित्रे विकत घेणारे, मांडणारे, यादी करून जपणारे एखादे मंडळ असते, तर ते गठ्ठे तळ्यात गेले नसते. अजिंठ्याच्या प्रतिकृती आगीत गेल्या, आबालाल यांची चित्रे पाण्यात गेली. आगीला माणूस नेहमीच रोखू शकत नाही. एका म्हाताऱ्या कलावंताच्या निराशेला मात्र चार माणसांनी जवळ बसून रोखता आले असते.

अखेर आणि वारसा

त्यानंतरची वर्षे आबालाल यांनी एकांतात काढली. २८ डिसेंबर १९३१ रोजी कोल्हापुरातच त्यांचा इंतकाल झाला. मागे मोठी इस्टेट नव्हती, सन्मानपत्रांची चळत नव्हती.

परंतु जे पेरले गेले होते ते उगवले. कोल्हापुरात चित्रकारांची एक मोठी पिढी निर्माण झाली. दत्तोबा दळवी यांनी चित्रकलेचे शिक्षण देण्याचे कार्य केले. बाबूराव पेंटर यांनी चित्रकलेबरोबरच सिनेमाच्या क्षेत्रात पाऊल टाकले आणि १९२० साली सैरंध्री हा चित्रपट पडद्यावर आणला. कोल्हापूरला कलापूर असे जे लोक कौतुकाने म्हणतात, त्या नावामागे ह्या मंडळींची मेहनत आहे, आणि त्या साऱ्यांच्या आधी आबालाल यांचे नाव घेतले जाते. भाई माधवराव बागल यांच्यासारख्या चित्रकार-लेखकाने कोल्हापूरच्या कलावंतांबद्दल आस्थेने लिहिले, म्हणून पुढील पिढ्यांना त्यांची ओळख राहिली. आबालाल यांची काही चित्रे कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील संग्रहालयात पाहावयास मिळतात. आपल्या शाळांच्या सहली पन्हाळा व कोल्हापूर पाहण्यास जातात. पुढच्या सहलीत ह्या संग्रहालयासाठी एक तास जरूर राखून ठेवावा.

कोटितीर्थाच्या काठी १९०६ साली शाहू मिल उभी राहिली, आजूबाजूला वस्ती वाढली, शहर पसरले. आबालाल यांच्या काळचा तो निवांत काठ आज तसा राहिलेला नाही. जे बदलले ते पूर्वी कसे होते हे सांगणारा साक्षीदार म्हणजे त्यांची उरलेली चित्रे. फोटो त्या काळी होते, पण ते काळे-पांढरे. संध्याकाळी पाणी कोणत्या रंगाचे होई, हे फोटोने सांगितले नाही, जलरंगांनी सांगितले.

एक शंका

काही पालकांच्या मनात येणारी एक शंका येथे मोकळेपणाने मांडणे बरे. चित्र काढणे आपल्या धर्मात बसते काय, असे विचारले जाते. ह्या विषयावर आलिम मंडळींनी पुष्कळ लिहिले आहे आणि सजीवांच्या चित्रांविषयी त्यांची मते कडक आहेत. मी आलिम नव्हे. तथापि सही बुखारीत एक रिवायत आहे, ती सर्वांनी माहीत करून घ्यावी. चित्रे काढून पोट भरणारा एक कारागीर हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे आला, तेव्हा त्यांनी त्याला, काढायचेच असेल तर झाडांची व ज्यांत जीव नाही अशा वस्तूंची चित्रे काढ, असा सल्ला दिला. झाडे, डोंगर, पाणी, दरवाजे, मिनार, पूल ह्यांची चित्रे काढण्यास त्यामुळे वाट मोकळी राहते. आबालाल यांनी व्यक्तिचित्रे केली हे खरे, पण त्यांची कीर्ती झाली ती झाडे, पाणी व दगडी घाटांमुळे. तेव्हा ज्या मुलाच्या हातात हा गुण आहे त्याच्या मार्गात आपण विनाकारण भिंत उभी करू नये.

दुसरी शंका पोटापाण्याची. चित्रे काढून काय मिळणार, असे वडील विचारतात आणि आबालाल यांच्या गरिबीकडे बोट दाखवितात. तो काळ वेगळा होता. आज चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्यास शाळेत कलाशिक्षक होता येते, छपाई, जाहिरात, कापडावरील नक्षी, घरांचे व दुकानांचे सजावटकाम, वास्तुविद्या अशा अनेक वाटा त्याच्यापुढे असतात. शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट ह्या चित्रकलेच्या परीक्षा शाळेतूनच देता येतात. आपल्या शहरात शासकीय कला महाविद्यालयही आहे. मुलगा असो वा मुलगी, कल दिसला तर ह्या परीक्षांचा अर्ज भरण्यास तरी हरकत नसावी.

आपल्या शहरासाठी बोध

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आपले औरंगाबाद, हे ५२ दरवाज्यांचे शहर म्हणून ओळखले जाते. त्यांपैकी आज थोडेच उभे आहेत. मलिक अंबरच्या काळचा भडकल दरवाजा, खाम नदीवरचा मकाई दरवाजा, उत्तरेचा दिल्ली दरवाजा, पाणचक्कीचा हौद व त्यात वरून कोसळणारे पाणी, हिमायत बागेतील झाडी, सकाळच्या धुक्यातला बीबी का मकबरा, देवगिरीच्या पायथ्याचा चांदमिनार, हे सारे आपल्या मुलांच्या रोजच्या येण्याजाण्यातले. आबालाल यांना एक कोटितीर्थ जन्मभर पुरले. आपल्याजवळ तर असे कितीतरी विषय आहेत, आणि त्यांतील काही आपल्या डोळ्यांदेखत बदलत चालले आहेत. आज जो विद्यार्थी मकाई दरवाज्यासमोर बसून कागदावर त्याची कमान उतरवील, तो एक चित्र तर करीलच, शिवाय आपल्या शहराची नोंदही ठेवील.

त्यासाठी फार खर्च लागत नाही. एक जाड कागदाची वही, पाण्याचे भांडे, दोन कुंचले आणि शाळेत वापरतात ती रंगांची पेटी एवढ्यावर सुरुवात होते. सकाळची वेळ बरी, कारण सावल्या लांब व स्पष्ट असतात. आधी आभाळाची जागा ठरवावी, कोठे कागद कोरा सोडायचा ते पाहावे, मगच कुंचला ओला करावा. पहिली दहा चित्रे बिघडतील. ती फेकू नयेत, तारीख घालून ठेवावीत.

आणि येथेच मोठ्या माणसांचे काम सुरू होते. राजे गेले, संस्थाने गेली. आता राजाश्रयाची जागा लोकाश्रयाने घेतली पाहिजे. मुलांनी काढलेली आपल्या शहराची चित्रे शाळेने जपावीत, वर्षातून एकदा सभागृहात मांडावीत, पालकांनी येऊन पाहावीत, त्यांतील चांगल्या चित्रांना चौकट करून शाळेच्या भिंतीवर कायमची जागा द्यावी. काम कठीण नाही. चित्र पाहणारे चार डोळे आणि ते जपणारे दोन हात एवढेच हवे. आबालाल यांना त्यांच्या उतारवयात तेवढेच हवे होते, आणि तेवढेच मिळाले नाही.

कुरआन शरीफची एकेक आयत निगुतीने लिहिणाऱ्या घराण्यातील ह्या थोर कलावंताने निसर्गातील निशाण्याही तितक्याच निगुतीने वाचल्या व कागदावर उतरविल्या. अल्लाह त्यांना मगफिरत अता करो, आणि आपल्या मुलांच्या हातांना तशी तालीम, डोळ्यांना तशी नजर व मनांना तसा सबर देवो, हीच दुआ.